'अनिर्वाचित नोकरशाही' : युरोपीय आयोगाला हा शब्द लागू होतो का?

प्रश्न : युरोपीय संघाविषयीच्या लेखांत 'ब्रसेल्सची अनिर्वाचित नोकरशाही' सारखी भेटते; रोख असतो ब्रसेल्समधल्या युरोपीय आयोगावर, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळावर. हे वर्णन बरोबर आहे का? आणि 'सुप्रानॅशनल'ला 'आंतरराष्ट्रीय' चालेल?

उत्तर : 'आंतरराष्ट्रीय' नको. तिथे राष्ट्रे आपसात बोलतात, पटले तर सही करतात. 'अधिराष्ट्रीय' म्हणा : असा निर्णय न पटणाऱ्या राष्ट्रालाही बांधतो. 1952 साली युरोपीय संघाचा पूर्वज असलेल्या कोळसा-पोलाद समुदायाचे 'उच्च प्राधिकरण' जाँ मोने यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झाले. सदस्य नेमायचे सरकारांनी, पण सदस्यांनी कुठल्याही सरकारचे ऐकायचे नाही, असे करारातच होते. आजचा आयोग त्याच कुळातला.

'आयोग' या शब्दानेही घोटाळा होतो. आपल्या कानाला आयोग म्हणजे अहवाल देऊन मोकळा होणारा. हा मात्र कायद्याचे मसुदे मांडतो, आणि बहुतेक विषयांत तो हक्क एकट्या त्याचाच. थेट निवडून आलेली युरोपीय संसद फार तर 'मसुदा आणा' म्हणू शकते.

– म्हणजे 'अनिर्वाचित' योग्यच की!

उत्तर : शब्दशः हो, पण अर्धवट. संसदेच्या मंजुरीशिवाय 27 जणांचा आयोग पदावर येत नाही. 1999 मध्ये गैरकारभाराच्या आरोपांवरून जाक सांतेर यांच्या अध्यक्षतेखालचा आयोग अख्खाच्या अख्खा पायउतार झाला. मी 'नियुक्त' म्हणेन. 'नोकरशाही' आयुक्तांना, म्हणजे आयोगाच्या सदस्यांना, लावू नये, त्यांत माजी मंत्री पुष्कळ. ती त्यांच्या हाताखालच्या महासंचालनालयांना, म्हणजे आयोगाच्या खात्यांना, शोभते.

खरी गोम आहे 'कॉमिटॉलॉजी'त. कायद्याच्या अंमलबजावणीचे तपशील आयोग ठरवतो, पण त्याआधी बऱ्याचदा सदस्य देशांच्या प्रतिनिधींच्या समितीचे मत घ्यावे लागते. ग्लायफोसेट या तणनाशकाचेच बघा. 2023 मध्ये त्याच्या परवानगीला मुदतवाढ देण्याच्या बाजूने किंवा विरोधात समितीत पात्र बहुमत (55 टक्के देश, 65 टक्के लोकसंख्या) जमलेच नाही. फ्रान्स, जर्मनी तटस्थ राहिले. मग आयोगाने 10 वर्षांची मुदतवाढ देऊन टाकली. आता 'ब्रसेल्सने केले' म्हणायला सगळे मोकळे! 'अनिर्वाचित' म्हणून आयोगाकडे बोट दाखवले की निवडून आलेली सरकारे अशी अलगद सुटतात.

– मग 'कॉमिटॉलॉजी'ला 'समितीशाही' म्हणावे?

उत्तर : अग्रलेखात खुशाल. कायद्याच्या अनुवादात 'समिती-प्रक्रिया' बरे. तिथे टोमणा नको.