मदत हवी आहे: निवडुंगावर कापूस धरलाय, कीड न लागणारा वाण कुठे मिळेल?

माणगंगा_शेळ्या: पानांवर पांढरा कापूस धरलाय. दोन फवारण्या झाल्या, फरक शून्य. कीड न लागणाऱ्या वाणाचं बेणं कुणाकडे आहे का? नसेल तर बिया पेरून आपणच वाण काढता येईल का? उन्हाळा तोंडावर आलाय, लवकर सांगा.

बांधावरचा: कोणता निवडुंग? फवारलं काय? तालुका तरी लिहा.

माणगंगा_शेळ्या: शेळ्यांना घालतो म्हणजे बिनकाट्याचाच की हो. आटपाडी. निंबोळी अर्क मारला.

गोठा_सातारा: निवडुंग काढून टाका. नव्वद टक्के पाणीच असतं त्यात. अझोला करा, पाण्यावर वाढणारं हिरवं शेवाळ असतं ते, माझ्या गाई आवडीने खातात.

बांधावरचा: दादा, आटपाडीत उन्हाळ्यात अझोल्याच्या खड्ड्याला पाणी कुठून आणायचं? ते नव्वद टक्के पाणीच तर तिथं शेळ्यांना हवंय. सोबत कडबा आणि थोडी पेंड द्यायची, नुसतं निवडुंग घातलं की हगवण लागते.

गोठा_सातारा: पेंडीचे भाव बघितलेत का?

वैरण_अभ्यासक: भावाचं नंतर. माणगंगा भाऊ, त्या कापसातला एक ठिपका नखाने चिरडा आणि रंग सांगा.

माणगंगा_शेळ्या: चिरडला. बोटं कुंकवात बुडवल्यासारखी लाल झाली, साबणानेही जाईना.

वैरण_अभ्यासक: मग हा कोचिनील, म्हणजे निवडुंगाचा रस शोषणारी लाल रंगाची कीड, साधा पिठ्या ढेकूण नव्हे. अंगावर मेणाचा कापूस असतो म्हणून फवारा आत पोचत नाही. आधी पाण्याच्या जोरदार धारेने कापूस उडवा, मग साबणाचं पाणी मारा. जवळपास फड्या निवडुंग आहे का?

माणगंगा_शेळ्या: बांधावर आहे, आजोबांच्या वेळचा. त्यावरही पांढरं दिसतं, पण ते कायमचंच.

ताई_जत: लाल रंग निघतो तर विकता येईल का? ऐकलंय की महाग असतो.

वैरण_अभ्यासक: ताई, रंगाचा कोचिनील वेगळ्या जातीचा. 1795 साली इंग्रजांनी तोच समजून भारतात आणला, तो भलताच निघाला. पुढे 1926 मध्ये फड्याचा नायनाट करायला श्रीलंकेहून आणखी एक जात दक्षिण भारतात आणली. तीच जात ब्राझील आणि मोरोक्कोत चाऱ्याच्या निवडुंगावर तुटून पडली.

वाणाचं सांगतो. ब्राझीलमध्ये ‘हत्तीकान’ नावाचा निवडुंग त्या किडीला दाद देत नाही. मोरोक्कोत 2014 ला कीड आली, तिथेही टिकणारे 8 वाण निवडले. पण हत्तीकान हा आपल्या फड्याचा भाऊबंद, आणि इथली कीड तर फड्यावरच सोडलेली. तिथं टिकला म्हणून इथं टिकेल असं धरू नका. आणि परदेशातून पानं परस्पर मागवू नका, सोबत नवी कीड येईल.

माणगंगा_शेळ्या: आणि बियांचं?

वैरण_अभ्यासक: बरीच रोपं आईचीच नक्कल निघतात आणि चाचणी घेण्याजोगी व्हायला वर्षं जातात. त्यापेक्षा शेतात एखादं झाड स्वच्छ राहिलंय का बघा. असेल तर किडलेल्या पानाचा तुकडा त्याच्या पानाला सुतळीने बांधा. तुमच्याच शेतात बांधा, दुसरीकडे नेऊ नका. दोन-तीन महिन्यांत कापूस धरला नाही तर त्याच झाडाची पानं बेण्याला ठेवा.

माणगंगा_शेळ्या: विहिरीकडची दोन झाडं स्वच्छ आहेत. आज तुकडे बांधतो. फड्या तोडून जाळला तर चालेल ना, की जमिनीत पुरायचा?