चालणे कमी झालेल्या आईवडिलांसाठी जलप्रवास: अलास्का की केरळ?

प्रश्न (सातारा): आई काठीशिवाय चालत नाही आणि बाबांना चाकाची खुर्ची लागते. बामणोलीचा शिवसागर जलाशय दोघांना फार प्रिय आहे, परंतु उन्हाळ्यात पाणी खाली गेले की नावेपर्यंतचा उतार त्यांना झेपत नाही. ताई अमेरिकेत असल्याने अलास्काच्या क्रूझचा विचार चालू आहे. की केरळ बरे?

उत्तर (सांगली): प्रकृती लांबच्या विमानप्रवासाला साथ देत असेल, तर अलास्का निवडावे. तेथील ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या खाडीत मोठी जहाजे धक्क्याला लागत नाहीत. हिमनद्या जहाजावरूनच पाहायच्या असतात, त्यामुळे खुर्चीवर बसलेल्या माणसाचे तेथे काहीही हुकत नाही. मात्र रुंद दाराची, न्हाणीघरात उंबरठा नसलेली खोली अशा जहाजांवर मोजकीच असते, म्हणून ती सर्वांत आधी राखून ठेवावी आणि शक्यतो जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर घ्यावी, कारण तेथे हेलकावे कमी जाणवतात. जेथे लहान बोटीतून किनाऱ्यावर नेतात, तेथे बाबांना बहुधा जहाजावरच थांबावे लागेल. त्या दिवशी एकाने त्यांच्याजवळ राहावे.

उत्तर (कराड): आम्ही आत्याला केरळमधल्या आलप्पुळाला नेले होते. तेथील वेंबनाड सरोवराचे पाणी संथ असते, पण हाउसबोटीत चढताना फळीवरून पाऊल टाकावे लागले आणि त्या क्षणी माझा जीव अक्षरशः टांगणीला लागला. एकमजली बोट मागा आणि न्हाणीघराची छायाचित्रे आधी मागवा.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. खोलीची चौकशी आजच ताईला करायला सांगतो.