अनुभव धागा: पोलिसांनी हात उगारला तेव्हा, आणि नाही उगारला तेव्हाही (ठाणे-नवी मुंबई)

पामबीचवाली
सध्या सकाळी वॉकला गेलं की ग्राउंडवर पोलीस भरतीची पोरं दिसतात, 1600 मीटरची प्रॅक्टिस, कडेला गोळाफेक, घामाने निथळत असतात बिचारी. काल त्यांना बघता बघता एकदम लॉकडाऊन आठवला. बाबांचं इन्सुलिन संपलेलं, प्रिस्क्रिप्शन खिशात घालून स्कूटरवर निघाले आणि नाक्यावर कोणी काही विचारायच्या आत पोटरीवर काठी. घरी येऊन कुणाला काही बोलले नाहीत. रात्री पायजमा वर सरकला तेव्हा आईला दिसलं, बोटाएवढा जाड निळा वळ. मारणारा विशीतलाच पोरगा होता म्हणे. कागद दाखवायलाही वेळ दिला नाही, हे मला अजून लागतं. भरतीत धावण्याला मार्क, गोळा किती लांब गेला त्याला मार्क, लेखीला गणित-व्याकरण. घाबरलेल्या माणसाशी बोलायचं कसं हे या पोरांना कोण शिकवतं? चांगलेवाईट सगळे अनुभव लिहा, फक्त पोलीस ठाण्याचं, माणसाचं नाव नको.

कोपरीकर
सेम. भाजी आणायला गेलेलो. भर रस्त्यात उठाबशा काढायला लावल्या आणि वर व्हिडिओ काढला, तो फिरत फिरत सोसायटीच्या ग्रुपवर आला. मुलीने बघितला. त्यापेक्षा काठी परवडली असती.

पामबीचवाली
अरे देवा 😔

घोडबंदरची_मैत्रेयी
डबे भरता भरता लिहितेय, शुद्धलेखन बघू नका. माझा मावसभाऊ, स्किझोफ्रेनिया आहे, गोळ्या सोडल्या की त्याला वाटतं शेजारी भिंतीतून ऐकतायत. एका रात्री काचा फोडल्या, शेजाऱ्यांनी 112 फिरवला, दोघं आले. आल्या आल्या एकाने हात पिरगाळून भिंतीला दाबला, दादा जास्तच चवताळला, चावला त्यांना, मग काय, तिथेच जिन्यात बदडला. मावशी "अहो आजारी आहे तो" म्हणत मधे पडली, तिलाही ढकललं.

पुढे परत तोच प्रकार झाला तेव्हा एक वयस्कर हवालदार आले. टोपी काढली, बूट दाराबाहेर काढले, हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि सरळ फरशीवर बसले दादापासून चार हात लांब. सोबतच्या तरुण पोलिसाला हातानेच खूण, मागे थांब. "काय रे बाळा, झोप लागत नाही का?" दादा नुसता उभा. बऱ्याच वेळाने म्हणाला, ते ऐकतायत. हवालदार म्हणाले, "मग आपण हळू बोलू." शेवटी दादा स्वतःच्या पायाने गाडीत जाऊन बसला, मनोरुग्णालयात नेलं. नंतर मी त्यांना विचारलं, हे कुठे शिकलात काका? म्हणाले, कुणी शिकवलं नाही, माझी बहीण अशीच होती.

मला तेच म्हणायचंय. ज्याच्या घरात अशी बहीण नाही त्याने कुठे शिकायचं? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे की अशा माणसाला लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं. पण तिथपर्यंत न्यायचं कसं, त्याचा सराव नको का?

ऐरोली_एक्सप्रेस
मैत्रेयी ताई, दादा आता कसे आहेत? माझ्या चुलत बहिणीचं असंच चाललंय, ठाण्याच्या मनोरुग्णालयात न्यायला घरचे तयार नाहीत, लोक काय म्हणतील.

घोडबंदरची_मैत्रेयी
बरा आहे गं आता, गोळ्या चालू आहेत. घरचे ऐकत नसतील तर आधी टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, 14416, मराठीत बोलतात. बाकीचं तुला मेसेज करते.

खाकीची_बायको
नवरा खात्यात आहे म्हणून लिहिते. नऊ महिने ट्रेनिंग, परेड, लाठी ड्रिल, फायरिंग, कायद्याचे तास. काठी कमरेखाली, डोक्यात नाही, हे शिकवतात. पण पोस्टिंग झालं की संपलं, नंतर बंदोबस्तच बंदोबस्त. रिफ्रेशरला पाठवायला पोलीस ठाण्यात माणूस शिल्लक पाहिजे ना. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात 2016 मध्ये आठ तासांची ड्युटी करून बघितली तेव्हा आम्हाला केवढी आशा वाटलेली. हे अजूनही बारा-चौदा तास उभे असतात, घरी आले की बूट काढताना पाय सुजलेला दिसतो. मारलं ते बरोबर असं मी कधीच म्हणणार नाही. काकांना मारलं ते वाईटच. पण झोप नाही, वरून साहेबांच्या शिव्या आणि हातात काठी, हे एकत्र आलं की काय होणार तेही बघा.

कोपरीकर
वहिनी, तुमच्यावर राग नाही. गणपतीत आमच्या नाक्यावर जे असतात त्यांना आम्ही रात्री चहा-पोहे देतो.

खाकीची_बायको
देत जा हो. आणि सोसायटीचं बाथरूम वापरू द्या, लेडीज कॉन्स्टेबलचे फार हाल होतात.

कोपरीकर
हे डोक्यातच नव्हतं आलं. आज सेक्रेटरीशी बोलतो.

जासई_उरण
आमच्याकडे हा विषय निघाला की जुनी माणसं गप्प होतात. 16 आणि 17 जानेवारी 1984. नवी मुंबई वसवायला सिडको या सरकारी कंपनीने घेतलेल्या जमिनीला भाव मागायला आमचे नेते दि. बा. पाटील यांच्या मागे शेतकरी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. जमीन गेलेल्यांना मिळणारे, आज जे साडेबारा टक्क्यांचे प्लॉट म्हणतात ना, ते त्यातून आलेत. माझी आजी त्या गर्दीत होती, ती म्हणायची समोर पोलीस उभे होते तेही शेतकऱ्यांचीच पोरं. गर्दी बघून घाबरलेला पोलीस आणि पोलीस बघून चिडलेली गर्दी. जमावाला आधी पांगायला सांगायचं, मग लागेल तेवढंच बळ, हे कायद्याच्या पुस्तकात कधीपासून आहे. पुस्तकात राहून काय उपयोग.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो
20 ऑगस्ट 2024 ला बदलापूरला लोकांनी रेल्वे अडवलेली, दिवसभर गाड्या बंद, मी ठाण्याला अडकलेली. लोकांचा संताप खराच होता, शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराचा प्रश्न. संध्याकाळी लाठीचार्ज. मग महिन्याभराने त्यातला आरोपी मुंब्रा बायपासला पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला. लोकांनी पेढे वाटले. हायकोर्टाने मात्र विचारलं, गाडीत एवढे पोलीस असताना एकाला आवरता आलं नाही का, गोळी डोक्यातच का. मला त्या माणसाचा पुळका नाही हो, पण त्या मुलींची त्याच्यावरची केस कोर्टात उभी राहायला हवी होती, ती राहिली नाही.

कोपरीकर
पेढे वाटले ते मलाही नाही आवडलं.

वाशीतली_वकील
मधल्या सुट्टीत लिहितेय. अटक करताना पोलिसांनी काय पाळायचं ते सांगणारा सुप्रीम कोर्टाचा डी. के. बसू निकाल 1996 चा आहे: अटकेचा मेमो, घरच्यांना कळवणं, मेडिकल. त्याच कोर्टाच्या डिसेंबर 2020 च्या निकालाप्रमाणे पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही हवा आणि फुटेज दीड वर्ष, अगदीच नाही तर निदान वर्षभर ठेवायचं. मारहाण झाली तर मॅजिस्ट्रेटसमोर पहिल्याच दिवशी तोंडाने सांगा आणि फुटेजसाठी लगेच लेखी अर्ज द्या. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे, लोकांना माहीतच नसतं.

ऐरोली_एक्सप्रेस
मॅडम एक विचारू? भावाला फोन आलाय, उद्या पोलीस ठाण्यात "जरा येऊन जा". पार्किंगवरून भांडण झालेलं. आई सकाळपासून रडतेय, मारतील म्हणून.

वाशीतली_वकील
फोनवर "कशासाठी" ते विचारा आणि लेखी नोटीस मागा, बीएनएसएस म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं कलम 35(3), जुन्या सीआरपीसीचं 41अ. व्हॉट्सॲपवरची चालत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2025 मध्ये सांगितलंय. नोटीस आली की मात्र जायचंच, टाळायचं नाही. एकट्याला पाठवू नका. मला आत्ता मेसेज करा, आईंना फोन द्या, मी बोलते त्यांच्याशी.