खाऱ्या टाकीत लाल बुळबुळीत थर: एरिथ्रोमायसिन टाकू का?

म्हापशाचो_निमो
नमस्कार मंडळी. २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. दोन क्लाउनफिश, एक क्लीनर कोळंबी, थोडे झोअँथिड (फुलांसारखे दिसणारे प्रवाळाच्या नात्यातले जीव). चवथीपासून वाळूवर गडद लाल, मखमली थर धरतोय. सकाळी कमी असतो, दुपारपर्यंत पुन्हा पसरतो, वर बारीक बुडबुडे. उचलला तर पापुद्र्यासारखा सुटतो आणि घाण वास येतो. पाणी मिरामारच्या किनाऱ्यावरून कॅनने आणतो, आटलं की नळाचं भरतो. मासे विकणारा म्हणतो, फार्मसीतून एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आण आणि गोळी कुटून टाक. टाकू का? कोळंबी वाचेल ना?

मडगाव_रीफ
लाइट तीन दिवस बंद, टाकीवर काळं कापड. माझ्याकडे साफ गेलं होतं. महिन्याभराने परत आलं ती गोष्ट वेगळी :)

शंखशिंपले_फोंडा
हे शेवाळ नव्हेच. सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर जगणारे जिवाणू. म्हणूनच अँटिबायोटिक त्यांना लागू पडतं आणि दुकानदार ते सुचवतो. पण थर मेला तरी ज्या फॉस्फेटवर तो पोसला ते पाण्यातच राहतं. शिवाय मेलेला थर कुजताना ऑक्सिजन खातो. आपल्याकडे टाकीचं पाणी सहज २९-३० अंशांवर जातं, गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी मावतो, त्यात रात्री वीज गेली की संपलंच. कोळंबीला गोळीपेक्षा या गुदमरण्याचा धोका जास्त.

खरी गोम पाण्यात आहे. भर पावसातलं मिरामारचं पाणी म्हणजे अर्धी मांडवी नदीच की हो! क्षार कमी, गाळ आणि खत जास्त. रिफ्रॅक्टोमीटरने (खारेपणा मोजायचं साधन) घनता बघा, १.०२५ च्या आसपास हवी. कमी निघाली तर एका दिवसात वर नेऊ नका, हळूहळू वाढवा. पावसाळा संपेपर्यंत आरओच्या (क्षार गाळून काढलेल्या) पाण्यात समुद्री मीठ-मिक्स कालवून वापरा. आटलेलं पाणी भरायलाही आरओच, नळाचं बंद. घरच्या प्युरिफायरवर डोळे मिटून विश्वास नको, पुष्कळ मशीन चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतात. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर लावून बघा.

थर काढायचा तो दुपारी, जाड असताना, बारीक नळीने सायफन करून. नळी तोंडाने ओढू नका, हे अगदी कळकळीने सांगतेय. झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन असू शकतं, फार जहाल विष. नळी पाण्याने भरून घ्या, हातमोजे घाला, डोळ्यांत शिंतोडे उडू देऊ नका. नंतर पॉवरहेडचं (टाकीत पाणी फिरवणाऱ्या पंपाचं) तोंड असं वळवा की वाळूवरून पाणी वाहतं राहील. सायनोला साचलेला कोपरा आवडतो. खाणं निम्म्यावर आणा, फ्रोझन असेल तर वितळवून, गाळणीत धुऊन घाला.

मडगावच्या दादांचा अंधार चुकीचा नाही, पण आधी उपसा, मग अंधार. आणि त्या तीन दिवसांत बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ हवाच.

म्हापशाचो_निमो
धन्यवाद ताई. टेस्ट केली. नायट्रेट ०, फॉस्फेट ०.२५. नायट्रेट शून्य म्हणजे चांगलंच ना?

शंखशिंपले_फोंडा
नाही हो. नायट्रेट संपलं की बाकीचं शेवाळ उपाशी राहतं, पण काही सायनो विरघळलेला नायट्रोजन वायू स्वतःच वापरतात. मार्च-एप्रिलमध्ये गोव्याबाहेर समुद्रावर भुशासारखे तपकिरी पट्टे तरंगतात ना, ते ट्रायकोडेस्मियम याच कुळातलं आणि हीच कला त्याला येते. दोना पावलच्या एनआयओत (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत) त्याच्यावर बरंच संशोधन झालंय.

तेव्हा नायट्रेट ५ च्या आसपास असू द्या आणि फॉस्फेट उतरवा, पण सावकाश. जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) एकदम भरपूर घातलं तर झोअँथिड मिटून बसतील. आधी थोडं घाला, दर आठवड्याला मोजा.

एवढं करूनही थर हटला नाही तर औषध. तेही अ‍ॅक्वेरियमसाठी बनवलेलं, लेबलवरच्या मापाने, माणसांची गोळी नको. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) उतू जाईल त्यावर लक्ष ठेवा, एअर पंप रात्रंदिवस चालू आणि अमोनिया रोज तपासा, कारण फिल्टरमधल्या चांगल्या जिवाणूंनाही फटका बसू शकतो. औषध घातलेलं पाणी विहिरीच्या आसपास ओतू नका.

मडगाव_रीफ
ताईंचं पटलं. माझं परत का आलं तेही आता कळलं.

म्हापशाचो_निमो
प्युरिफायरचं पाणी मोजलं, टीडीएस ३८!

शंखशिंपले_फोंडा
मग मिसळणारा नॉब बंद करून घ्या आणि पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणारा) डबा जोडा. मीटर ० दाखवेल तेच पाणी टाकीत.