'रिअर विंडो': जेफ फार स्वस्तात सुटला का?

तिरपागडा
हिचकॉकचा 'रिअर विंडो' (१९५४) हा सिनेमा जबरदस्त आहे, त्यात वाद नाही. पण त्यातला फोटोग्राफर जेफ फार स्वस्तात सुटतो. पाय प्लास्टरमध्ये, हातात भलीमोठी लेन्स, आणि रात्रंदिवस समोरच्या बिऱ्हाडांत डोकावणं. शेवटी समोरच्या थॉरवाल्डने बायकोला खरंच मारलेलं निघतं आणि सगळं माफ! तो निर्दोष निघाला असता तर?

चकोर
स्वस्तात? गड्याचा दुसरा पायही मोडतो की!

मंजिरी_७
तो प्रश्न सिनेमाच विचारतो. डिटेक्टिव्ह डॉईल सगळे संशय उडवून लावतो, तेव्हा जेफ आणि त्याची मैत्रीण लिसा यांचे चेहरे पाहा. थॉरवाल्डची बायको जिवंत असावी याचं वाईट वाटतंय! लिसा तसं बोलूनही दाखवते. शिवाय जेफला डुलकी लागलेली असताना थॉरवाल्ड एका बाईसोबत बाहेर पडतो, ते फक्त आपल्याला दिसतं. म्हणजे जेफच्या नजरेवर किती विसंबायचं, हे आधीच कळतं.

तिरपागडा
कळतं, आणि तरी शेवटी त्याचाच अंदाज खरा ठरतो. मग काय उपयोग?

आबासाहेब
तो बघत नसता तर खुनी मोकळा फिरला असता, एवढं साधं आहे. शेजारचं कुत्रं मेल्यावर त्याची मालकीण काय ओरडते? शेजाऱ्यांना एकमेकांचं काही पडलेलं नाही, हेच ना?

तिरपागडा
आबासाहेब, विचारपूस वेगळी, टेहळणी वेगळी. समोरच्या एकट्या बाईचं, मिस लोनलीहार्ट्सचं घ्या. इतके दिवस तिचं एकटेपण बघून जेफने काय केलं? ती गोळ्या काढून बसते तेव्हा कुठे तो पोलिसांना फोन लावतो. तिला थांबवतं ते वरच्या संगीतकाराचं गाणं. तो फोन शेवटी थॉरवाल्डच्या घरात सापडलेल्या लिसाच्या कामी येतो.

मंजिरी_७
अहो, हे तर माझ्याच बाजूचं बोललात! लिसा पाठीमागे हात करून बोटातली थॉरवाल्डच्या बायकोची अंगठी दाखवते, थॉरवाल्डच्या ते लक्षात येतं आणि तो मान वर करून थेट आपल्याकडे बघतो. नंतर जेफच्या खोलीत येऊन विचारतो, तुला माझ्याकडून हवंय तरी काय? जेफला उत्तर सुचत नाही. नुसते कॅमेऱ्याचे फ्लॅश उडवत बसतो. याला माफी म्हणायचं?

तिरपागडा
सिनेमा तिथेच संपला असता तर मानलं असतं. पण पुढे उकाडा सरतो आणि सगळ्यांचं गोड होतं.

चकोर
सगळ्यांचं कुठे? समोरचं नवं जोडपं भांडायला लागलंय.