मदत हवी आहे : परसातल्या तळ्यात पाणी टिकत नाही, पाऊस तोंडावर आलाय

लव्हाळी
मागच्या परसात तळं करतोय. मासे पाळायला नाही. बेडूक, चतुर, पाखरं येऊन राहावीत म्हणून. खड्डा झाला, आतून शेण-मातीने सारवला, पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी नुसती ओल. परत भरलं, परत तेच. गवंडी म्हणतो सिमेंट मारून घ्या. मला सिमेंट नको आहे. माणसं याच आठवड्यात मिळणार आहेत, नंतर सगळे शेतीच्या कामाला जातील. आत काय लावू? कृपया लवकर सांगा.

ओळंबा
गाव कुठलं? जमीन कसली? लांबी, रुंदी, खोली? बाजू उभ्या आहेत की उतरत्या? यातलं काहीच लिहिलेलं नाही, तर आत काय लावायचं ते कसं सांगणार?

सुमनताई
आधी डासांचा विचार करा. साठलेलं पाणी म्हणजे डेंग्यू. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, गप्पी मासे देतात. आमच्या हौदात सोडल्यापासून एक अळी दिसलेली नाही.

लव्हाळी
सुमनताई, डासांचं नंतर बघतो, सध्या पाणीच राहत नाहीये.
ओळंबा, कोकणात देवरुखजवळ. १२ फूट बाय ८ फूट, मध्ये अडीच फूट. जमीन जांभ्याची, त्यामुळे बाजू उभ्याच निघाल्या. पाणी घरच्या विहिरीचं.

ओळंबा
जांभा आहे हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं. जांभ्याला आरपार भोकं असतात, वर भेगा. शेणाचा हात त्यावर एक रात्रही तग धरणार नाही. सरळ शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद घ्या. माप असं काढा : लांबी + दोनदा खोली + दोन्ही काठांवर दीड-दीड फूट. म्हणजे १२ + ५ + ३ = २० फूट, आणि रुंदीला ८ + ५ + ३ = १६ फूट. एकसंध तुकडा घ्या, जोड नको. खाली जांभ्याची टोकं घासून काढा, दोन-तीन इंच चाळलेली माती, त्यावर जुनी गोणपाटं, मग कागद. कागद उघडा ठेवलात तर उन्हाने जातो, म्हणून वरूनही माती हवी.

खाचर
प्लॅस्टिकच घालायचं तर मग निसर्गाचं तळं कशाला म्हणायचं? चिकणमाती आणा आणि चिखलणी करा. भाताच्या खाचरात पाणी कशामुळे उभं राहतं? तुडवल्यामुळे. इथेही तसंच. तळाला आणि बाजूंना मिळून फूटभर थर हवा, पण एकदम टाकायचा नाही. चार बोटं माती, पाणी, पायांनी तुडवणं, परत चार बोटं. माती योग्य आहे का ते असं बघा : ओली करून पेन्सिलीएवढी वळी करा आणि तिची बांगडी वळवा. न तडकता वळली तर चालेल. तडकली तर ती माती तळ्याच्या कामाची नाही.

ओळंबा
उभ्या बाजूंवर चिकणमाती राहील का? आणि एप्रिलमध्ये पाणी खाली गेलं की काठाची माती भेगाळणार. पुढच्या वर्षी परत तुडवायला माणसं कुठून आणायची?

खाचर
बाजू उतरत्या करा म्हणजे राहील. उतार तर कागद घातला तरी लागणारच आहे. उभ्या कडेच्या तळ्यात सरडा पडला, मुंगसाचं पिल्लू पडलं, तर वर येणार कसं? विहिरीत पडलेली जनावरं आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत.

मिडलँड्सकर
आम्ही इंग्लंडमध्ये घरामागे असंच तळं केलं आहे. रबरी लायनर (ईपीडीएम) वापरा, प्लॅस्टिकपेक्षा पुष्कळ मऊ, कोपऱ्यात नीट बसतो. एक भाग तरी दोन फूट खोल ठेवा म्हणजे थंडीत पूर्ण गोठत नाही. आमच्याकडे बेडूक फेब्रुवारी-मार्चमध्ये अंडी घालायला येतात. दुसऱ्या तळ्यातून अंडी उचलून आणू नका, रोग पसरतात. शरद ऋतूत वरून जाळी टाका, पानं पडत नाहीत.

खाचर
देवरुखात पाणी गोठत नाही हो.

मिडलँड्सकर
मान्य, पण अंडी न आणण्याचा मुद्दा तिकडेही तितकाच लागू आहे. शिवाय भारतात बेडूक पकडणं कायद्यानेही बंद आहे ना?

रानवाट
हो, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षण आहे. आणि आणायची गरजही नाही. पहिल्या मोठ्या पावसात पिवळे बेडूक आवाज देत स्वतःच येतात.
सुमनताई, गप्पीबद्दल मात्र कळकळीने सांगते, या तळ्यात नको. गप्पी दक्षिण अमेरिकेतला. तो डासांच्या अळ्या खातो तशी बेडकांची अंडी आणि नुकती निघालेली पिल्लंही खातो. कोकणातल्या पावसात तळं भरून वाहणार, ते पाणी पऱ्याला (ओढ्याला) मिळणार, आणि गप्पी तिथे पोचले की परत काढता येत नाहीत.

सुमनताई
आमच्या वाडीत दोघांना डेंग्यू झाला होता. बेडकांची पिल्लं वाचवायची म्हणून माणसांना तापात टाकायचं का? सरकार उगाच मासे वाटतं का?

रानवाट
ताई, तुमची काळजी खरी आहे. हौदात, टाकीत गप्पी ठेवा, माझं काहीच म्हणणं नाही. पण डेंग्यूचा एडिस डास मुख्यतः टाक्या, टायर, कुंड्यांखालच्या बशा अशा ठिकाणी अंडी घालतो. मातीच्या काठाचं, झाडं-किडे असलेलं तळं त्याला तितकं मानवत नाही. मलेरियाचा ॲनॉफिलीस तळ्यात येऊ शकतो, हे खरं. त्यासाठी चतुरांच्या अळ्या, पाणकिडे हवेत. ते पंखांनी येतात, आपण आणायचे नाहीत. पहिले काही आठवडे आठवड्यातून एकदा वाटीने पाणी काढून अळ्या बघा. फारच दिसल्या तर बीटीआय नावाची जिवाणूंची पावडर मिळते, ती टाका. मासा हवाच असेल तर ॲप्लोकायलस लिनिएटस बघा. तो पश्चिम घाटातलाच, पाण्याच्या पृष्ठभागालगत फिरणारा. पण मी असते तर मासा टाकलाच नसता.

सर्पमित्र_नाही
बेडूक आले की मागून साप. घराला लागून आहे का तळं? लहान मुलं आहेत का घरात?

लव्हाळी
घरापासून पन्नास-साठ फूट लांब. पुतण्या चार वर्षांचा आहे. येणारा साप बहुतेक दिवड असेल, ती बिनविषारी, तिची मला भीती नाही. पण मूळ प्रश्न कोणी सोडवाल का? कागद की चिकणमाती? उद्या माणसं येतायत.

कातळकडा
मला एक सांगा. भर पावसात त्या खड्ड्याच्या जागेची परिस्थिती काय असते?

लव्हाळी
जुलै-ऑगस्टमध्ये तिथे पाणीच असतं. वरच्या बाजूने झरा फुटल्यासारखं येतं आणि चरातून खाली पऱ्याला जातं. म्हणून तर ती जागा निवडली.

कातळकडा
मग अख्खा खड्डा कागदाने झाकू नका! खालून पाणी दाबलं की कागद मध्ये फुगून वर येतो. आमच्याकडे संगमेश्वरात एकाचा असाच आला होता, वरच्या मातीसकट.
तुमच्या जागेला पावसाळ्यात काहीही न लावता पाणी राहणार आहे. सड्यावरची (कातळाच्या उघड्या माळावरची) डबकी बघा, चार-पाच महिन्यांची असतात. त्यातच बेडूक अंडी घालतात, पिल्लं मोठी होतात, पाणी आटायच्या आत बाहेर पडतात. आटतं म्हणूनच तिथे मासा टिकत नाही आणि पिल्लं वाचतात. आटणारं तळं हेही तळंच आहे.

लव्हाळी
पण मला एप्रिल-मेमध्ये पाणी हवंय. पाखरांना तेव्हाच लागतं. बुलबुल, दयाळ सगळे नळाच्या गळतीवर येऊन बसतात.

ओळंबा
चराची माहिती आत्ता आली, आता चित्र स्पष्ट झालं. दोन भाग करा. खोल भागाला, समजा ६ बाय ५ फुटांचा, कागद. बाकीचा भाग उथळ, उतरता, काहीही न लावता. कागदाच्या भागाच्या वरच्या अंगाला एक चर मारा, म्हणजे येणारं पाणी कागदाखाली न जाता उथळ भागात जाईल. कागदावर सहा इंच माती आणि तळाशी चार-पाच चिरे (जांभ्याचे घडीव दगड) ठेवा, वजन राहील. पाऊस लागायच्या आधी तो भाग विहिरीच्या पाण्याने भरलेला हवा. रिकामा असेल तरच फुगण्याचा धोका जास्त.
काठ गवंड्याच्या लेव्हल पाईपने तपासा. एका बाजूला इंचभर जरी खाली असला तरी सगळं पाणी तिथूनच जाणार. सांडवा कुठे असावा ते तुम्ही ठरवायचं, पाण्याला ठरवू द्यायचं नाही. उन्हाळ्यात पाणी कमी होतंय ते गळतीने की उन्हाने, हे कळायला एक बादली भरून, काठ पाण्याबाहेर राहील अशी तळ्यातच ठेवा, आतली-बाहेरची पातळी सारखी करून. दोन्ही सारख्या उतरल्या तर ऊन. तळं जास्त उतरलं तर कागद फाटलाय.
आणि पुतण्यासाठी खोल भागावर पाण्याखाली दोन इंचांवर लोखंडी जाळी बसवा. बेडूक जाऊ शकेल इतकी मोकळी, मूल पडलं तर पेलेल इतकी जाड.

खाचर
उथळ भागात तरी चिखलणी करा. दिवाळीपर्यंत पाणी धरेल.

वेखंड
झाडांचं कोणीच बोललं नाही. काठाला वेखंड आणि लव्हाळे, पाण्यात हायड्रिला, थोडी कुमुदिनी. जलपर्णी फुकट मिळाली तरी घेऊ नका. सड्यावरची सीतेची आसवं ही रानफुलं सुंदर दिसतात, माझ्याकडे कुंडीत लावायचा विचार आहे, तुम्हीही काठाला लावा.

कातळकडा
सड्यावरून काही उपटू नका. ती झाडं त्या पातळ मातीवर, त्या आटणाऱ्या पाण्यावर जगतात. कुंडीत मरतात आणि सड्यावरही कमी होतात.

लव्हाळी
दोन भागांचं पटलं. ६ बाय ५, खोली अडीच, म्हणजे कागद १४ बाय १३. बरोबर? आणि कागदाची कड काठावर कशाने दाबू? गवंडी परत सिमेंटच म्हणणार.

ओळंबा
माप बरोबर. कडेला वीतभर खोल चारी खणा, कागदाची कड त्यात सोडा, माती भरून ठोका, वर चिरे आडवे लावा. जिथे उथळ भागाशी जोड आहे तिथे चिरे नकोत, नुसती माती आणि गवत. जनावरं तिथूनच ये-जा करतील.

सुमनताई
वाटीने अळ्या बघायचं मात्र विसरू नका.

नवखा_बागवान
धागा चांगला आहे. माझी गच्ची आहे, पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. जुन्या बाथटबमध्ये असं तळं होईल का? आणि कासव ठेवलं तर चालेल?

रानवाट
देशी कासव घरी ठेवणं बेकायदा आहे. टबचं विचारायचं तर वेगळा धागा काढा, आणि त्यात गच्चीला वजन किती पेलतं ते आधी लिहा.