संधिवात आणि स्वभाव : "कसं वाटतंय?" ला तुमच्या घरी काय उत्तर मिळतं?

आईला आमवात (आरए, म्हणजे रुमेटॉइड आर्थरायटिस) आहे. त्यासाठी मेथोट्रेक्सेटची गोळी चालू आहे, आठवड्यातून एकदाच घ्यायची ती, सोबत फॉलिक अ‍ॅसिड. सकाळी तासभर तरी बोटं इतकी आखडलेली असतात की दुधाची पिशवी कात्रीनेसुद्धा कापता येत नाही, पण डॉक्टरांनी विचारलं की ठरलेलं उत्तर, "बरी आहे." स्वभावच तो, दुखणं बोलून दाखवायचं नाही. आता आजार किती जोरात आहे हे बघायला डॉक्टर डीएएस-२८ नावाचा स्कोअर काढतात, त्यात २८ सांध्यांपैकी दुखरे किती, सुजलेले किती, ईएसआर किंवा सीआरपी (सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या), आणि चौथं म्हणजे आपल्याला किती त्रास आहे याची पेशंटने ० ते १०० च्या रेषेवर स्वतः केलेली खूण, १०० म्हणजे सगळ्यात जास्त. म्हणजे आईचं "बरी आहे" थेट आकड्यात जातं आणि औषध वाढवायचं का तेही त्यावर ठरतं. मला याची खरंच काळजी वाटते. तुमचे अनुभव लिहा प्लीज.

सानिका : मी बरोब्बर उलट, मुळात काळजीखोर. सीआरपी नॉर्मल, सूज नाही, तरी माझी खूण सत्तरच्या पुढे. एका डॉक्टरांनी "मनाचे खेळ" म्हणून बोळवण केली, फार लागलं ते. आताच्या मॅडम म्हणाल्या की चिंता करणाऱ्या माणसाला तेवढ्याच सुजेत दुखणं जास्त जाणवू शकतं, ते खोटं नसतं, फक्त त्यासाठी दरवेळी गोळीच वाढवायची असं नाही. आधी झोपेचं बघितलं. फरक पडला, खरंच.

बारामतीकर : पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रांच्या टीमने सर्व्हे केला होता, घरोघरी जाऊन कुणाचं काय दुखतंय विचारलं. मला हे फार मोलाचं वाटतं कारण दवाखान्यात येतील तेवढेच मोजले तर आमच्या आजीसारखी माणसं दिसणारच नाहीत, गुडघे सुजलेले असायचे तरी खुरपायला जायची आणि म्हणायची वय झालं की दुखायचंच.

निखिल : मला अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे पाठीच्या कण्याचा संधिवात. हसतखेळत असतो म्हणून ऑफिसात कुणाला पटत नाही. पहाटे पाठ लाकूड झालेली असते, चाललो फिरलो की सुटते, आणि लोक मला बघतात ते सुटल्यावर.

मीनलताई : मी फिजिओ आहे. दुखतंय का विचारू नका, "नाही"च येतं. काम विचारा. वेणी घालता येते का, भरलेला तांब्या एका हाताने उचलता येतो का, मांडी घालून बसता येतं का, नळ घट्ट बंद होतो का. हॅक नावाची प्रश्नावली याच पद्धतीची असते, प्रत्येक कामाला ० ते ३ मार्क, ० म्हणजे सहज जमतं, ३ म्हणजे जमतच नाही. न बोलणाऱ्या माणसाचंही यात बरंच कळतं.

धागाकर्ती : ताई, आत्ताच विचारलं. वेणी कधीपासून शेजारच्या काकू घालून देतायत म्हणे, मला पत्ताच नाही. सगळं कागदावर लिहून घेतेय, पुढच्या व्हिजिटला आत जाताना आधी तो कागद डॉक्टरांच्या हातात देणार, मग आईला काय बोलायचं ते बोलू दे.